तहान, मीठ आणि तुळजापूरची वाट

महाराष्ट्रातील दीर्घ पल्ल्याच्या धावेचा इतिहास पुणे, मुंबई आणि सातारा येथील शर्यतींच्या आधारे सांगण्याची प्रथा पडली असली, तरी असंख्य सामान्य माणसे एकाच ऋतूत मॅरेथॉनइतके अंतर पायांनी तोडतात असे ठिकाण शोधायचे, तर धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरकडे वळावे लागते. घटस्थापनेच्या आधी मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील नवरात्र मंडळांचे तरुण तुळजाभवानीच्या मंदिरातून ज्योत पेटवून घेतात आणि ती आळीपाळीने धावत, पुष्कळदा अनवाणी, आपापल्या गावी नेतात. पुढे पंधरवड्याने, कोजागरीला, सोलापूर आणि कर्नाटकाकडून भाविकांचे लोंढे रात्रभर चालत तुळजापूरला येतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनहून थोडे अधिकच आहे, आणि त्याच्या अखेरीस बालाघाटाची चढण आहे. यांपैकी कशालाही शर्यत म्हणता येत नाही, कारण येथे कोणी पहिला येत नाही. परंतु पाणी, मीठ आणि साखर यांचा शरीरातील हिशेब धावपटूला जो लागू होतो तोच भाविकालाही लागू होतो. हा हिशेब गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्राने कसा मांडला आणि किती वेळा चुकवला, याचा मागोवा या वाटेच्या संदर्भात घेता येतो.

आरंभीच्या काळातील समजूत अशी होती की, धावताना पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण होय. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर घेण्यात आली आणि पाण्याची सोय जाणूनबुजून अत्यल्प ठेवण्यात आली. ३२ स्पर्धकांपैकी केवळ १४ जणांनी ती पूर्ण केली, आणि विजेत्या थॉमस हिक्सला वाटेत पाण्याऐवजी ब्रँडी, अंड्याचा बलक वगळून उरणारा पांढरा भाग आणि स्ट्रिक्नीन हे विष अल्प मात्रेत उत्तेजक म्हणून देण्यात आले. भारतीय धावपटू या क्षेत्रात उतरले ते १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, आणि ते उतरले पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमधून. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी तेथे मॅरेथॉन सुमारे २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. सदाशिव दातार यांना मात्र ती पूर्ण करता आली नाही. या संघामागे उभे राहिलेल्या सर दोराबजी टाटा यांनी पुढे १९२९ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात जिमखान्याच्या स्पर्धकांचे वर्णन केले आहे, ते शेतात राबणारी, निकृष्ट अन्नावर जगणारी, प्रशिक्षणाविना अनवाणी धावणारी मुले असे. भारतीय दीर्घधावेच्या पहिल्याच पानावर आहाराचा प्रश्न लिहिलेला आहे, ही बाब क्रीडा-इतिहासकारांनी जितकी लक्षात घ्यायला हवी होती तितकी घेतलेली नाही.

आहाराच्या बाजूने शास्त्राला वाट लवकर सापडली. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर धावपटूंचे रक्त तपासणाऱ्या वैद्यांना असे आढळले की, जे अतिशय थकून पोहोचले त्यांच्या रक्तातील साखर फार खाली गेलेली होती. पुढील वर्षी धावपटूंना वाटेत गोड गोळ्या दिल्या, तेव्हा साखरही टिकली आणि धावणाऱ्यांची अवस्थाही सुधारली. यामागील कारण १९६० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी स्नायूंचे सूक्ष्म तुकडे काढून दाखवून दिले. शरीर पिष्टमय पदार्थांचा साठा ग्लायकोजेन या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवते. हा साठा सामान्यतः दीड ते दोन हजार किलोकॅलरींचा असतो, आणि वेगाने धावणाऱ्याच्या बाबतीत तो साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी असेही स्पष्ट झाले की, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या मार्गांनी शोषले जातात, त्यामुळे एकट्या ग्लुकोजच्या बाबतीत ताशी ६० ग्रॅमच्या आसपास असलेली मर्यादा दोन्ही मिळून ९० ग्रॅमपर्यंत नेता येते. गुळातील मुख्य साखर सुक्रोज ही याच दोहोंची जोडी असल्याने, ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात गूळ-शेंगदाण्याचा लाडू खाऊन धावणाऱ्याला महागड्या जेलच्या पुडीची उणीव फारशी भासू नये. मात्र शेंगदाण्यातील स्निग्धांश सावकाश पचतो, म्हणून तो लाडू विश्रांतीच्या टप्प्यावर खावा आणि प्रत्यक्ष धावताना नुसता गूळ किंवा केळे बरे.

पाण्याच्या बाजूने मात्र शास्त्र एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मॅरेथॉनमधील पहिले अधिकृत पेय १५ किलोमीटरनंतरच मिळत असे. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी खेळाडूंसाठी मीठ-साखरेचे पेय तयार केले, १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विंडम आणि स्ट्रायडम यांनी अपुऱ्या पाण्याच्या धोक्याकडे लक्ष वेधले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ‘तहान लागण्याची वाट पाहू नका, शक्य तितके प्या’ हा उपदेश सर्वत्र रूढ झाला. या उपदेशाच्या प्रसाराला पेयविक्रीचा हातभार लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. टिमथी नोक्स यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की, तासन्‌तास धावणारे काही जण पाणी कमी पडल्यामुळे नव्हे, तर अतिरेकामुळे कोसळतात. कारण घामावाटे मीठ जात असताना केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. या अवस्थेला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांना ती झालेली आढळली, आणि धोका अधिक होता तो सावकाश धावणाऱ्यांना व धावताना वजन वाढलेल्यांना. त्यानंतर तहानेनुसार पिणे हा मध्यममार्ग बहुतेक तज्ज्ञांनी स्वीकारला.

तुळजापूरच्या वाटेवरील माणूस हा नेमका सावकाश जाणारा आहे, आणि येथेच हा विषय जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. ज्योत नेणाऱ्या तरुणांची रीत शरीरशास्त्राच्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते: एक जण थोडे अंतर धावतो, दुसरा हातात ज्योत घेतो, पहिला मागून येणाऱ्या टेम्पोत बसून खातो-पितो, त्यामुळे कोणाचाही ग्लायकोजेनचा साठा तळाला जात नाही. कोजागरीच्या चालणाऱ्याला अशी पाळी नसते. त्याचा वेग कमी, वेळ आठ-दहा तासांचा, आणि वाटेवर भक्तिभावाने उभारलेल्या पाणपोया व अन्नछत्रे जागोजागी. प्रत्येक ठिकाणी आग्रहाने पाणी आणि गोड चहा मिळतो, पण मीठ क्वचितच. तासाला अर्धा ते एक लिटर घाम जात असेल, तर लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम जाते, आणि हे प्रमाण माणसागणिक बरेच बदलते.

वास्तविक या प्रदेशात उपाय जुनाच आहे. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देणे आणि जेवणानंतर मीठ-जिऱ्याचे ताक देणे या दोन रीती एकत्र केल्या, तर साखर, मीठ आणि पाणी असे त्रिकूट पूर्ण होते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या द्रावणाने पटकीच्या रुग्णांचे प्राण वाचवले, ते याच तत्त्वावर: आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात व त्यांच्या मागोमाग पाणी जाते. आजच्या प्रमाणित ओआरएसच्या पाकिटात एका लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते.

पाणी आणि मीठ यांनी सर्वच धोके टळतात, असे मात्र नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले. एवढे अंतर ग्लायकोजेन संपण्यास अपुरे असते. उन्हात आणि दमट हवेत जोराने धावले, तर शरीराचे तापमान तहान लागण्याआधीच धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. तुळजापूरची वाट रात्री चालण्याची प्रथा या दृष्टीने शहाणपणाची आहे आणि ती दिवसावर ढकलू नये.

तेव्हा या मार्गावर सेवा करणाऱ्या मंडळांनी पाण्याच्या पिंपाशेजारी खारट ताक किंवा मीठ घातलेले लिंबू-सरबत ठेवावे, ओआरएसचे पाकीट पेल्यात न ओतता मोजलेल्या एका लिटरमध्येच मिसळावे, आणि पाण्याचा आग्रह करू नये. भरपूर पाणी पिऊनही ज्याला उलट्या होत आहेत, डोके ठणकते आहे किंवा बोलणे असंबद्ध होत आहे, त्याला आणखी पाणी न पाजता थेट दवाखान्यात न्यावे.