गाडीत बदल करावा की गाडीच बदलावी?

पहिली ऑफ-रोड गाडी घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं, की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो: हिच्यावर आणखी खर्च करायचा, की ही विकून दुसरी घ्यायची? गॅरेजमध्ये विचारलं तर सायलेन्सर बदला, फिल्टर बदला, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवा असे सल्ले मिळतात. शोरूममध्ये विचारलं तर मोठ्या इंजिनाची गाडी दाखवतात. दोन्हीकडे बोलणं ताकदीचंच चालतं. पण मुरमाच्या चढावर, पावसाळ्यातल्या चिकट लाल मातीत किंवा ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी अडते ती क्वचितच ताकदीपायी. ती नेमकी कुठे अडते हे मोजता येतं. त्यासाठी मोजपट्टी, हवेचा गेज आणि अकरावीतलं पदार्थविज्ञान एवढं पुरतं.

उदाहरणाला हिरोची एक्सपल्स 200 घेऊ. 2019 साली आलेली ही गाडी आपल्याकडे अनेकांची पहिली ऑफ-रोड गाडी ठरली. पुढे 21 इंची, मागे 18 इंची स्पोकचं चाक, पुढच्या सस्पेन्शनची ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली होण्याची मुभा, 190 मिमी, मागची 170 मिमी. हिला निवडण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पुढच्या काही वर्षांत कंपनीनेच या गाडीचा एकेक भाग टप्प्याटप्प्याने बदलला. 2021 मध्ये इंजिनाचं डोकं, 2023 च्या ‘प्रो’मध्ये सस्पेन्शन आणि 2025 मध्ये सगळं इंजिनच. कोणता बदल काय देतो, याचा जवळजवळ प्रयोगच आपल्यासमोर झाला आहे.

आधी इंजिन. 2021 मध्ये दोन व्हॉल्व्हच्या जागी चार व्हॉल्व्ह आले. सिलिंडर हेड नव्याने बनवलं गेलं. हाताशी ताकद मोजायचा डायनो, प्रयोगशाळा, शेकडो इंजिनिअर असताना ताकद किती वाढली? सुमारे 6 टक्के. टॉर्क 16.45 वरून 17.35 न्यूटन-मीटर झाला, म्हणजे साडेपाच टक्के. याचा दोष कंपनीकडे जात नाही. इंजिन हा मुळात हवा ओढणारा पंप आहे. दोनशे सीसीच्या सिलिंडरमध्ये एका खेपेला जेवढी हवा मावते, तेवढ्याच हिशोबाचं पेट्रोल जळतं, आणि त्या जळण्यातल्या उष्णतेचा मोठा भाग सायलेन्सरवाटे आणि सिलिंडरवरच्या पात्यांवाटे वाया जातो. आवाज मोठा करणारा सायलेन्सर बसवला तर हवेची वाट थोडी मोकळी होते, पण सिलिंडरचं आकारमान तेवढंच राहतं. शिवाय या इंजिनाला थंड ठेवण्यात वाऱ्याचा वाटा मोठा. पहिल्या गिअरमध्ये, ताशी दहा किलोमीटरने, क्लच अर्धवट धरून चढ चढताना वारा जवळजवळ नसतोच. अशा वेळी बोअर वाढवून तयार केलेली जादा उष्णता जाणार कुठे? पिस्टन, रिंगा आणि तेल ती सोसतात.

आता पुढचं स्प्रॉकेट बघा. समजा त्याला 13 दात आहेत आणि त्या जागी 12 दातांचं बसवलं. 13 भागिले 12, म्हणजे 1.083. प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला मिळणारा जोर 8.3 टक्क्यांनी वाढला. नव्या सिलिंडर हेडने टॉर्कमध्ये जेवढी भर घातली, त्याहून चाकाला मिळणारी ही भर मोठी आहे, आणि ती मिळते काहीशे रुपयांच्या एका लोखंडी चकतीत. इंजिनाची ताकद यात तिळभरही वाढत नाही, हे खरं. तेवढ्याच आरपीएमला वेग साडेसात टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हायवेवर इंजिन जास्त ओरडतं, लहान चकतीवर चेन जास्त वाकते म्हणून झिजतेही लवकर. पण खडकाळ चढावर क्लच न जाळता सावकाश चढता येतं. नवशिक्याला ‘पिकअप नाही’ म्हणून जी कमतरता जाणवते, तिचा मोठा भाग इथेच भरून निघतो. इंजिनाला हात लावायच्या आधी प्रत्येकाने हा बदल करून पाहावा, असं माझं ठाम मत आहे.

टायरची गोष्ट आणखी सोपी. मागच्या चाकावर समजा 130 किलो भार आहे. टायरमध्ये 29 पीएसआय हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने 64 चौरस सेंटिमीटर. हवा 18 पीएसआयवर आणली की तोच भाग शंभरीच्या पुढे जातो. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, म्हणून प्रत्यक्षातला फरक याहून कमी असतो, पण पकडीत तो लगेच जाणवतो. ट्यूबचा टायर असेल तर फार कमी हवेवर दगड लागून रिम चेपते आणि ट्यूब चिमटली जाते, तेव्हा हात आखडूनच हवा सोडावी. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी ती पुन्हा भरायलाच हवी. गोट्या-गोट्यांच्या नक्षीचे (नॉबी) टायर मातीत उत्तम, पण ओल्या डांबरावर घसरतात. आठवड्याचे पाच दिवस गाडी ऑफिसला नेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

खरी गंमत सस्पेन्शनमध्ये आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच. समजा गाडी अर्धा मीटर उंचीच्या बांधावरून उतरली. हवेत चाकं पूर्ण खाली लोंबतात, म्हणजे सगळी ट्रॅव्हल शिल्लक असते. पडताना मिळालेली ऊर्जा तेवढ्याच अंतरात जिरवायची असते. ट्रॅव्हल 190 मिमी असेल तर गाडी आणि स्वार यांच्या एकूण वजनाच्या सरासरी 3.6 पट जोर लागतो. 250 मिमी असेल तर 3 पट. ‘प्रो’मध्ये कंपनीने पुढे नेमकी 250 आणि मागे 220 मिमी ट्रॅव्हल दिली. मनगटं आणि कंबर यांना हा फरक मोठा आहे. पण त्याची किंमतही मोठी. सीटची उंची 823 मिमीवरून 891 मिमीवर गेली. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे पाय सपाट जमिनीवरही धड टेकणार नाहीत. उतारावर, एका बाजूला खड्डा असताना, तर विचारूच नका. नवशिका पडतो तो बहुतेक वेळा वेगात नाही, तर थांबताना. उंच सस्पेन्शनचं किट हे सराईताचं हत्यार आहे.

बहुतेकांना गरज असते ती आपल्या वजनाला साजेशा स्प्रिंगची. कंपनी स्प्रिंग निवडते ती एकट्या स्वारासाठी, मागे बसलेल्यासाठी आणि सामानासाठी मिळून एकच. 55 किलोच्या मुलीला ती ताठ वाटते, 95 किलोच्या माणसाला लेची. आपल्याला ती जमते का, हे कळण्यासाठी सॅग, म्हणजे वजनाखाली सस्पेन्शन किती बसतं ते, मोजतात.

गाडी लाकडी ठोकळ्यावर घेऊन मागचं चाक अधांतरी ठेवा. ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी करून तेच अंतर मोजा. तिसऱ्यांदा बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी, जे घालून जाता ते सगळं घालून गाडीवर बसा; एकाने हँडल धरावं, दुसऱ्याने मोजावं. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक हा स्वारासकटचा सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या तीस टक्क्यांच्या आसपास असावा. 170 मिमीच्या सस्पेन्शनला सुमारे 50 मिमी. चाक खड्ड्यात उतरलं तर जमिनीला चिकटून राहायला त्याला तेवढी मुभा लागते.

सॅग 70 मिमी आला, की मेकॅनिक पाना घेऊन प्रीलोडची रिंग आवळतो आणि सांगतो, ‘शॉकअप कडक करून दिला.’ तसं होत नाही. रिंग आवळल्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी वर उचलली जाते, पण दर मिलिमीटरला लागणारा जोर, म्हणजेच स्प्रिंगचा ताठपणा, तसूभरही बदलत नाही. तो तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि व्यासावर ठरतो. म्हणून दुसरं माप महत्त्वाचं. रिंग आवळून स्वारासकटचा सॅग 50 वर आणला आणि आता गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम चार-पाच मिमीच बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी लेचीच आहे. नुसती आवळून दाबून धरली आहे. जास्त ताठ स्प्रिंगच घ्यायला हवी. उलट, स्वारासकटचा सॅग बरोबर असूनही गाडी स्वतःच्या वजनाने तीस-पस्तीस मिमी बसत असेल, तर स्प्रिंग ताठ पडते आहे. तीन मापांतून एवढा निदानाचा भाग घरच्या अंगणात उरकतो.

स्प्रिंग ऊर्जा साठवते. ती जिरवायचं काम तेलाचं. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक आकाराच्या भोकांतून ढकललं जातं. अशा भोकातला विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: चाक दुप्पट वेगाने वर उचललं गेलं तर विरोध चौपट. त्यामुळे अशा फोर्कची दोन्हीकडून पंचाईत होते. ब्रेक मारल्यावर, जिथे फोर्क सावकाश बसतो, तिथे तो गुळगुळीत खाली जातो. आणि टोकदार दगडावर, जिथे हालचाल झपाट्याची असते, तिथे तेल वेळेत पुढे सरकत नाही आणि दणका थेट हँडलमध्ये येतो. तेल जाड केलं की पहिली तक्रार कमी होऊन दुसरी वाढते. महागड्या फोर्कमध्ये भोकांऐवजी पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. दाब वाढला की त्या वाकतात आणि तेलाला जास्त वाट देतात. साध्या फोर्कमध्ये तसाच व्हॉल्व्ह वेगळा बसवता येतो. ऑफ-रोड गाडीवर खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा. सायलेन्सरच्या पैशात तुमच्या वजनाची स्प्रिंग, ताजं तेल आणि अशा व्हॉल्व्हचा काही हिस्सा येतो, आणि दगडांच्या वाटेवर हात दुखायला लागण्याची वेळ पुष्कळ लांबते.

मग गाडी बदलायची कधी? जी गोष्ट सुटा भाग म्हणून मिळत नाही, ती कमी पडू लागली, की. अशा गोष्टी दोन: वजन आणि इंजिनाची मूळ जात. चार व्हॉल्व्हची एक्सपल्स 158 किलोची आहे. हलका सायलेन्सर लावून आणि कॅरिअर, साडीगार्ड काढून चार-सहा किलो कमी करता येतील. पण मोटोक्रॉसच्या गाड्या शंभर किलोंच्या आसपास असतात, आणि ती दरी पान्याने बुजत नाही. त्या गाड्यांना रस्त्यावर परवानगी नाही, हेही आहेच. मधली वाट म्हणजे कावासाकीची केएलएक्स 230. 139 किलो वजन, ताकद एक्सपल्सपेक्षा किंचित कमी, आणि तरीही चिखलात पडलेली गाडी दिवसभर उचलणाऱ्याला ती सरस वाटेल. ‘वरची’ गाडी म्हणजे जास्त सीसीची गाडी हा हिशोब मातीत उलटाही पडतो.

दुसऱ्या दिशेला रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 आहे. 40 पीएस ताकद, वजन 196 किलो. स्वार 70 किलोचा धरला तर दर टनामागे एक्सपल्सला सुमारे 84 पीएस मिळतात आणि हिमालयनला 150. पुण्याहून लडाखला सामानासकट जायचं असेल तर यात वादाला जागा नाही. पण तीच गाडी वेल्ह्याच्या ओल्या चढावर आडवी झाली, तर उचलायला एक्सपल्सपेक्षा 38 किलो जास्त. 2025 ची एक्सपल्स 210 या दोन्हींच्या मध्ये बसते. पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, 24.6 पीएस, मात्र वजनही दहा किलोंच्या आसपास वाढलं. तुम्हाला हायवेवर शेवटच्या गिअरमध्ये दम कमी पडतो, की दगडांत हात भरून येतात, की पडलेली गाडी उचलून दमता? पहिल्याला गाडी बदलणं हेच उत्तर, दुसऱ्याला स्प्रिंग आणि तेल, तिसऱ्याला हलकी गाडी.

कायद्याचं भान ठेवूनच हे सगळं करायचं. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीच्या वेळी असलेल्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिनाची क्षमता वाढवणं आणि उत्प्रेरक काढून टाकलेला सायलेन्सर लावणं सरळ त्यात बसतं. अपघातानंतर विमा कंपनीही हेच बदल शोधते. आणि कायद्यात नसलं तरी एक सांगायलाच हवं: सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर बोट-दोन बोटं जाडीचा असतो. पावसाळ्यातली सगळी रानफुलं त्यावर जगतात. गोट्यांचा टायर एकदा गरगर फिरला की तो थर जागेवर राहत नाही. तिथे कुठलीच गाडी नेऊ नये.

येत्या पावसाळ्याआधी सॅग मोजा, गरज असेल तर स्प्रिंग बदला, स्प्रॉकेटचा एक दात कमी करून पाहा आणि पूर्ण मोसम तशीच चालवा. त्यानंतरही गाडी अपुरी वाटली तर बिनदिक्कत विका. मात्र काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका. विकताना ते पुन्हा बसवून द्या आणि स्वतःच्या वजनासाठी घेतलेल्या स्प्रिंगा वेगळ्या विका. त्यांना तुमच्याच वजनाचं गिऱ्हाईक मिळतं, आणि गाडी आरसी बुकात लिहिल्याप्रमाणेच पुढच्याच्या हातात जाते.