पोट रिकामे व्हायला वेळ का लागतो?

दिवाळी सरली, की बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहाटे नुसता चहा घेऊन फडात उतरले, तर थोड्याच वेळात पोटात कावळे ओरडू लागतात. भाकरी-पिठले खाल्ले, तर दुपारपर्यंत तग धरता येतो. असे का होते?

तुम्ही म्हणाल, ‘‘भाकरी जड असते!’’ पण जड म्हणजे काय? टाकीची तोटी उघडली, की पाण्याचा वेग टाकीतील पाण्याच्या उंचीवर ठरतो. जठर मात्र अशी साधी टाकी नव्हे. साखर कारखान्याचे आवार आठवा. उसाच्या किती गाड्या पुढे सोडायच्या, हे गव्हाणीत किती ऊस साचला आहे त्यावर ठरते. जठर हे आवार, तर लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र, ही गव्हाण होय.

पोटातील निम्मे पाणी 15-20 मिनिटांत खाली उतरते. घन अन्नाला काही तास लागतात, कारण ते आधी बारीक व्हावे लागते. शिवाय उतरलेल्या अन्नाची आद्यांत्र जणू चव घेते. स्निग्ध पदार्थ किंवा दाट द्रावण आले, की ते जठराला ‘थांब’ म्हणून कळवते.

प्रथिनांच्या पचनातून सुमारे 20 प्रकारची ॲमिनो आम्ले मिळतात. ती सगळी जठराला सारखीच रोखतात काय? 1975 मध्ये अमेरिकेत कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे तपासले. बहुतेक आम्लांचा परिणाम द्रावणाच्या परासरण दाबाने होईल तेवढाच होता. ट्रिप्टोफॅनने मात्र त्याहून अधिक अटकाव केला! पुढे माणसांतही ट्रिप्टोफॅनमुळे जठर मंदावते, असे दिसले.

हा निरोप पोचतो कसा? आद्यांत्रातील काही पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सोडतात. त्यामुळे जठर सैलावते आणि त्याच्या खालच्या तोंडाशी असलेले स्नायूंचे कडे आवळते. अन्न सावकाश उतरले, की रक्तातील साखरही सावकाश वाढते. म्हणून मधुमेहाच्या अभ्यासकांना या आम्लाविषयी कुतूहल आहे.

मात्र पिठल्याची सारी किमया ट्रिप्टोफॅनचीच, असे समजू नका. प्रथिनांत त्याचा वाटा शेकडा एकाच्या आसपास असतो. भाकरीचा घनपणा, फोडणीचे तेल आणि डाळीच्या पिठातील प्रथिने मिळून जठराला आवर घालतात. नुसत्या चहात यांपैकी फारसे काहीच नसते. उद्या शाळेत तिसऱ्या तासालाच भूक लागली, तर सकाळी काय खाल्ले होते ते आठवून पाहा!