हैतीची फिर्याद

ज्या हैतीच्या दफ्तरी निदान शंभर वर्षे पटकीच्या साथीची खात्रीलायक नोंद नव्हती, त्या देशात २०१० च्या ऑक्टोबर महिन्यात, मिरबाले या गावाजवळच्या मेय नावाच्या वस्तीत, माणसे जुलाब-वांत्यांनी काही तासांत मरू लागली. आणि वस्तीलगतच्या ओढ्याचे पाणी पुढे आर्तिबोनित या त्या देशातील सर्वांत लांब नदीला मिळत असल्याने, व नदीच्या मुखाकडील भातखाचरांतले शेतकरी तेच पाणी शेतीला, अंघोळीला नि पिण्याला वापरीत असल्याने, थोड्याच दिवसांत समुद्रकाठच्या सँ-मार्कच्या रुग्णालयात रोग्यांना निजवायला जागा उरली नाही. महिन्याभरात देशाचे दहाही प्रांत साथीने व्यापले. त्याच वर्षीच्या १२ जानेवारीच्या भूकंपाने राजधानी उद्ध्वस्त झाली होती, म्हणून पुष्कळांनी दोष भूकंपाच्या माथी मारला. परंतु साथ उगवली ती राजधानीतल्या निर्वासितांच्या तंबूंत नव्हे, तर नदीच्या वरच्या अंगाला, ही गोष्ट त्या मुलखातील लोकांच्या ध्यानात पहिल्यापासून आली होती.

मेयच्या ओढ्याकाठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती. त्याच महिन्यात नेपाळहून तेथे नवी तुकडी दाखल झाली होती, आणि त्याच्या किंचित आधी काठमांडूच्या परिसरात पटकी पसरलेली होती. छावणीतला मैला कंत्राटदाराकरवी उपसून उघड्या खड्ड्यात टाकला जाई व पावसात तो खड्डा भरून वाहण्याचे भय असे. हैती सरकारच्या विनंतीवरून आलेल्या रनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाने गावोगावच्या नोंदी जुळवून साथीचा मार्ग उलट दिशेने शोधीत नेला, तो या छावणीपाशी येऊन थांबला. त्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेसह अनेक थोर संस्थांचे म्हणणे असे पडले की, तूर्त रोग्यांचे प्राण वाचविणे अगत्याचे असून उगमाचा शोध ही गौण बाब आहे. वरवर हे बोलणे सयुक्तिक दिसते. पण पटकी पाण्यातून पसरते हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेल्यांनी, कोणते पाणी कोणी दूषित केले हा प्रश्न गौण ठरवावा, यात वैद्यकापेक्षा मुत्सद्देगिरीच अधिक होती असे माझे मत आहे.

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या चार तज्ज्ञांच्या मंडळाने मे २०११ मध्ये आपला अहवाल दिला. पुरावा सगळा एकाच दिशेला बोट दाखवीत असताना निष्कर्षात मात्र साथ ही अनेक परिस्थितींच्या संयोगाने उद्भवली व कोणा एका गटाचा तो दोष नव्हे, असे लिहिले गेले. पुढे हैतीतील जंतूंची जनुकीय रचना नेपाळातील जंतूंशी जवळजवळ तंतोतंत जुळल्याचे सिद्ध झाले, तेव्हा २०१३ साली त्याच चौघांनी, छावणीतील माणसांकरवी रोग आला असणे हेच सर्वाधिक संभवनीय, असे स्वतंत्रपणे लिहिले. येथे नेपाळी शिपायांना बोल लावणे अन्यायाचे होईल. तुकडी रवाना करण्यापूर्वी तपासणी वा औषधोपचार न करणारी, आणि छावणीच्या मैल्याची तजवीज न पाहणारी व्यवस्था ही खरी आरोपी होय.

परंतु आरोपीला उभे करावयाचे ते कोणत्या कचेरीत? नोव्हेंबर २०११ मध्ये सुमारे पाच हजार पीडितांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडेच दावा दाखल झाला. पंधरा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, उत्तर आले की विशेषाधिकारांविषयीच्या १९४६ च्या कराराच्या २९ व्या कलमान्वये हा दावा दाखल करून घेण्याजोगा नाही. त्या कराराचे एक अंग संयुक्त राष्ट्र संघटनेला कोणत्याही न्यायालयाच्या अधिकारकक्षेबाहेर ठेवते. दुसरे अंग, म्हणजे हेच २९ वे कलम, खाजगी स्वरूपाच्या तक्रारींचा निकाल लावण्याची सोय करण्याचे बंधन तिच्यावर घालते. पहिले अंग तिने ढालीसारखे वापरले आणि दुसऱ्याचा अर्थ स्वतःच लावून घेतला. हैती सरकारशी झालेल्या करारनाम्यात तर कायमस्वरूपी दावा-आयोगाचे कलमही होते. मात्र हैतीतच काय, शांतिसेनेच्या कोणत्याही मोहिमेत असा आयोग कधी स्थापनच झालेला नव्हता. ज्याच्या म्हशीने विहीर नासवली त्यालाच पंच नेमावे, तसला हा न्याय. पीडित न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले, तेव्हा अमेरिकन सरकारने संघटनेच्या संरक्षणाची बाजू उचलून धरली व ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयानेही दावा फेटाळल्याचा निकाल कायम केला.

याच सुमारास संघटनेचेच विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी, जबाबदारी झिडकारण्याचे हे धोरण नीतीला, कायद्याला व राजकीय शहाणपणाला सोडून असल्याचे निर्भीडपणे लिहिले. १ डिसेंबर २०१६ रोजी सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. पण साथ आणि तिचा फैलाव यांबाबत आपण पुरेसे केले नाही, एवढ्याचीच ती क्षमा होती. चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, सभासद राष्ट्रांनी ती ऐच्छिक देणग्यांवर सोडली, आणि जमली ती रक्कम तिचा अल्पांश होती. मृतांच्या वारसांना व्यक्तिशः भरपाई देण्याचा बेत मागे पडला व वस्तीपुरत्या लहानसहान कामांवर भागविण्यात आले. तोवर रोग्यांची संख्या आठ लाखांवर आणि मृतांची दहा हजारांच्या घरात पोचली होती.

या साऱ्याचे मूळ शोधू गेल्यास ते १८५१ च्या पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेपर्यंत जाते, जेथे बारा राष्ट्रांचे वैद्य आणि मुत्सद्दी जोडीने बसले होते. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत पटकीचे माहेर गंगेच्या खोऱ्यात असल्याचे ठरले आणि हिंदुस्थानचे यात्रेकरू आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ब्रिटिश प्रतिनिधींना काळजी होती ती व्यापाराला खीळ बसण्याची. तेव्हापासून आजवर साथीविषयीचे करारमदार सरकारासरकारांतलेच राहिले. २००७ पासून अमलात असलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली राष्ट्रांवर साथीची वर्दी देण्याचे बंधन घालते. स्वतः साथ आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय पलटणीविषयी ती मूक आहे. २० मे २०२५ रोजी जिनीव्हात जागतिक आरोग्य संघटनेचा महामारी-करार मंजूर झाला, त्याआधल्या दिवशी समितीत त्याच्या बाजूने १२४ मते पडली, विरोधात एकही नाही, ११ तटस्थ. त्यातील तंटानिवारणाची सोयही पक्षराष्ट्रांपुरतीच आहे. मेयच्या ओढ्यावर पाणी भरणारी बाई अशा करारात कुठेच पक्षकार नसते.

२०१९ च्या फेब्रुवारीनंतर हैतीत तीन वर्षांहून अधिक काळ पटकीचा रोगी आढळला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा आली. भारत हा शांतिसेनेला सर्वाधिक माणसे पुरविणाऱ्या देशांपैकी एक असल्याने हा विषय आपल्या दारचाही आहे. यापुढे आपली पलटण परमुलखात जाईल तेव्हा, तिच्या करारनाम्यातला दावा-आयोग प्रत्यक्ष नेमला गेला आहे काय, हा प्रश्न आपल्या खासदारांनी संसदेत विचारावा, आणि वाचकांनी त्यांना तो विचारावयास लावावा.