शर्यतीच्या व्हिडिओ गेममधील मोटारगाडीची सुधारणा व जुळवणी : एक विवेचन

प्रस्तावना :
काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘ग्रॅन तुरिस्मो’ हा गेम डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनवर प्रसिद्ध झाला. मोजक्या रकमेत साधी गाडी घ्यावी, शर्यती जिंकून बक्षिसाची रक्कम मिळवावी आणि त्या रकमेतून गाडी सुधारावी, अशी त्याची रचना होती. ही सुधारणा दोन प्रकारची असते : सुटे भाग बदलणे आणि बसविलेल्या भागांची जुळवणी करणे. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सुटे भाग :
नवखा खेळाडू बहुधा प्रथम टर्बोचार्जर विकत घेतो. त्याने इंजिनाची शक्ती वाढते. परंतु तिचा लाभ मुख्यतः सरळ मार्गावर होतो. वजन घटविल्यास मात्र वेग घेणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही क्रिया सुधारतात. उदाहरणार्थ, १२०० किलो वजनाच्या व २०० अश्वशक्तीच्या गाडीचे वजन १० टक्क्यांनी घटविले, तर शक्ती व वजन यांचे गुणोत्तर मूळ वजनात सुमारे २२२ अश्वशक्ती असल्याइतके होते. तथापि या सर्वांची अंतिम मर्यादा टायरची पकड हीच ठरविते.

जुळवणी :
जुळवणीत निव्वळ लाभ क्वचितच मिळतो. एक गुण घेताना दुसरा सोडावा लागतो. गिअरचे गुणोत्तर वाढविल्यास गाडी लवकर वेग घेते, पण तिचा कमाल वेग घटतो. पुढचा अँटी-रोल बार अधिक ताठ केल्यास गाडी स्थिर वाटते, मात्र वळणावर बाहेरच्या बाजूस सरकू लागते. २००७ मधील ‘फोर्झा मोटरस्पोर्ट २’ या गेममध्ये प्रत्येक गाडीस कार्यक्षमता निर्देशांक दिलेला होता. भाग बदलताच तो बदलत असे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गाडी वरच्या वर्गात जात असे. त्यामुळे सर्वांत शक्तिशाली गाडीपेक्षा त्या मर्यादेत सर्वांत संतुलित गाडी घडविणे महत्त्वाचे ठरले.

निष्कर्ष :
केवळ शक्ती वाढविणे म्हणजे फेरीचा वेळ कमी करणे नव्हे. एका वेळी एकच घटक बदलावा, त्याच मार्गावर पुन्हा फेऱ्या माराव्यात आणि वेळांची तुलना करावी, हीच जुळवणीची विश्वसनीय रीत होय. प्रयोगशाळेतही विद्यार्थ्याकडून हीच शिस्त अपेक्षित असते. गेममधील गाडी हे वास्तवाचे सुलभ केलेले प्रतिमान आहे, हे भान राखल्यास भौतिकशास्त्राच्या अध्यापनात त्याचा सार्थ उपयोग होऊ शकतो.