आधी झाड ओळखा, मग अळंबी!

उत्तर इटलीतील पार्मा प्रांतात तारो नदीच्या खोऱ्यात बोर्गोतारो नावाचे एक लहानसे गाव आहे. उन्हाळा ओसरून पावसाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की या गावाभोवतालच्या बीच, चेस्टनट आणि ओकच्या रानांत भल्या पहाटेपासून माणसांची वर्दळ सुरू होते. हातात वेताची टोपली, खिशात लहानशी सुरी आणि नजर जमिनीवर खिळलेली. शोध असतो तो पाचोळ्यातून डोके वर काढणाऱ्या, खरपूस भाजलेल्या पावासारख्या दिसणाऱ्या एका अळंबीचा. इटालियन भाषेत तिला 'पोर्चिनो' म्हणजे डुकराचे पिल्लू असे लाडके नाव आहे. 'पोर्चिनी' हे त्याचे अनेकवचन. फ्रान्समध्ये ती 'सेप', जर्मनीत 'श्टाइनपिल्झ' म्हणजे दगडी अळंबी, तर रशियात 'बेली ग्रिब' म्हणजे पांढरी अळंबी या नावाने ओळखली जाते. शास्त्रीय नाव बोलेटस एड्युलिस.

मुंबई-पुण्यातील इटालियन उपाहारगृहांमुळे आणि मोठ्या दुकानांत मिळणाऱ्या वाळवलेल्या कापांच्या पाकिटांमुळे पोर्चिनीचे नाव आता मराठी वाचकालाही अपरिचित राहिलेले नाही. मात्र ताटातली पोर्चिनी आणि रानातली पोर्चिनी यांत महत्त्वाचे अंतर आहे. ताटात चूक झाली तर चव बिघडते; रानात चूक झाली तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच ही अळंबी ओळखतात कशी आणि ती उगवते कुठे, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

टोपीखाली काय दडले आहे?

आपण बाजारातून आणतो ती बटण अळंबी किंवा धिंगरी उलटी करून पाहिली तर टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पात्या दिसतात. त्यांना कल्ले म्हणतात. बोलेटस गटातील बहुतेक अळंब्यांना असे कल्ले नसतात. त्याऐवजी एकमेकींना चिकटून बसलेल्या असंख्य बारीक उभ्या नळ्या असतात आणि खालून पाहिल्यास त्या नळ्यांची तोंडे स्पंजच्या छिद्रांसारखी दिसतात. या नळ्यांच्या आतील बाजूस बीजाणू तयार होतात आणि छिद्रांतून खाली झडतात.

ही पहिली खूण फार मोलाची आहे. जगभरात अळंबीच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यूंना जबाबदार असलेली 'डेथ कॅप' (अमानिटा फॅलॉइडिस) ही कल्ल्यांची अळंबी आहे. साहजिकच, टोपीखाली छिद्रे आहेत याची खात्री पटली की सर्वांत मोठा शत्रू बाजूला पडतो. युरोपात नवशिक्यांना प्रथम बोलेटस ओळखायला शिकवतात ते याच कारणाने. तरीही एक दक्षता घ्यावीच लागते. कोवळ्या, न उमललेल्या अळंबीची टोपी खालून बंद असते. अशी अळंबी मुळापासून सावकाश उकरून, उभी चिरून आतील रचना पाहिल्याखेरीज टोपलीत टाकायची नसते. डेथ कॅपच्या देठाच्या तळाशी पांढरी पिशवी असते. देठ वरच्यावर कापला तर ती खूण मातीतच राहून जाते.

खऱ्याची आणि सोंगाची पारख

छिद्रे दिसली म्हणजे पोर्चिनी मिळाली, असे नव्हे. या गटात शेकडो जाती आहेत. बोलेटस एड्युलिसची टोपी साधारण ७ ते ३० सेंटिमीटर रुंद, तपकिरी आणि कडेला किंचित फिकट असते. छिद्रे कोवळेपणी पांढरी असतात, पुढे पिवळी आणि अखेरीस हिरवट होतात. देठ जाड व तळाशी फुगीर असून त्याच्या वरच्या भागावर पांढऱ्या रेषांची नाजूक जाळी उठलेली असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरीने चिरल्यावर आतला गर पांढराच राहतो.

तिचे पहिले सोंग म्हणजे कडू बोलेट (टायलोपिलस फेलियस). रंगरूप जवळपास तेच. परंतु देठावरची जाळी पांढरी नसून गडद तपकिरी असते आणि वय वाढेल तशी छिद्रे गुलाबी छटा धरतात. ही अळंबी जीवघेणी नाही, मात्र तिचा एक तुकडाही अख्खे पातेले कडू करून टाकतो.

दुसरे सोंग अधिक उपद्रवी आहे. 'सैतानी बोलेट' (रुब्रोबोलेटस सॅटानस) ही चुनखडीच्या जमिनीत, उबदार जागी, ओक आणि बीचच्या सोबतीने उगवते. पांढुरकी टोपी, लालभडक छिद्रे आणि फुगलेल्या देठावर लाल जाळी असा तिचा थाट असतो. खाल्ल्यास उलट्या आणि जुलाबांनी माणूस हैराण होतो.

अनेक बोलेट चिरताच काही क्षणांत निळ्या पडतात आणि पाहणाऱ्याला वाटते, हेच विष! प्रत्यक्षात तो केवळ रसायनाचा खेळ आहे. गरातील व्हेरिगॅटिक आम्लासारख्या रंगद्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन निळा रंग उमटतो. निळ्या पडणाऱ्या काही जाती नीट शिजवल्यावर आवडीने खाल्ल्या जातात, तर न निळावणाऱ्या काही जाती बेचव किंवा त्रासदायक असतात. म्हणजे निळा रंग ही जात ओळखण्याची एक खूण आहे, विषाची परीक्षा नव्हे. चांदीचा चमचा काळा पडतो का, किडे लागले आहेत का, यांसारख्या घरगुती चाचण्या तर सपशेल खोट्या आहेत. माणसाचा जीव घेणारी अळंबी गोगलगाय खुशाल खाते.

झाडाशी जडलेले नाते

आता दुसरा प्रश्न : ती उगवते कुठे? जमिनीवर दिसणारी अळंबी म्हणजे आंब्याच्या झाडाचा केवळ आंबा. खरे झाड म्हणजे जमिनीखाली पसरलेले बुरशीचे सूक्ष्म तंतू. बोलेटसचे हे तंतू ठरावीक वृक्षांच्या बारीक मुळ्यांभोवती आवरण करून बसतात. मुळ्या जिथे पोहोचू शकत नाहीत तिथून पाणी, स्फुरद आणि नत्र आणून ते झाडाला देतात आणि मोबदल्यात पानांनी तयार केलेली साखर घेतात. या भागीदारीला मायकोरायझा, अर्थात कवकमूल म्हणतात.

त्यामुळे पोर्चिनी शोधणारा जाणकार आधी वर पाहतो, मग खाली. ओक, बीच, चेस्टनट, स्प्रूस, पाइन ही तिची सोयरी मंडळी. बोर्गोतारोच्या पोर्चिनीला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्यात एकच नव्हे, तर चार जातींचा समावेश होतो आणि प्रत्येकीची आवड निराळी. काळसर टोपीची बोलेटस एरियस उबदार ओकरानांत रमते, उन्हाळी बोलेटस रेटिक्युलॅटस मे-जूनपासूनच दिसू लागते, तांबूस बोलेटस पायनोफिलस चेस्टनट, बीच आणि पाइनखाली सापडते, तर खुद्द बोलेटस एड्युलिसचा बहर शरद ऋतूत असतो.

या नात्यामुळेच पोर्चिनीची शेती करता आलेली नाही. बटण अळंबी आणि धिंगरी कुजलेल्या काडीकचऱ्यावर वाढतात, म्हणून त्यांचे उत्पादन खोलीत घेता येते. पोर्चिनीला मात्र जिवंत झाड हवे. बोलेटांच्या गणातील फ्लेबोपस पोर्टेन्टोसस ही जात याला ठळक अपवाद आहे. चीन आणि थायलंडमध्ये तिची लागवड केली जाते.

झाडाबरोबर बुरशीही प्रवास करते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराच्या हॅगले उद्यानात युरोपीय वसाहतवाल्यांनी लावलेल्या झाडांखाली पोर्चिनी उगवते. ती तिथली मूळची नाही. झाडांच्या मुळांतून आली. परंतु याच वाटेने डेथ कॅपही ऑस्ट्रेलियात पोहोचली. कॅनबेरामध्ये ओकखाली उगवणाऱ्या या अळंबीने २०१२ च्या प्रारंभी दोघांचा बळी घेतला. आशियातून तिकडे गेलेली माणसे आपल्या मायदेशीची, पेंढ्यावर वाढणारी ओळखीची अळंबी समजून डेथ कॅप खुडतात, असे डॉक्टरांना वारंवार आढळले आहे. अळंबीचे ज्ञान हे त्या त्या मातीचे असते; माणसाबरोबर ते परदेशी नेता येत नाही. परदेशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

आपल्याकडील सोयरे

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी पांढरी अळंबी प्रसिद्ध आहे. ती टर्मिटोमायसिस या कुळातली. तिचे नाते झाडाशी नसून वाळवीशी आहे आणि तिला कल्ले असतात, म्हणजे ती बोलेट नव्हे. मग भारतात बोलेट कुठे? जिथे त्यांची सोयरी झाडे आहेत, तिथे. हिमालयातील बांज ओक, देवदार आणि चीड यांच्या रानांत पावसाळ्यात अनेक जाती उगवतात. निलगिरी पर्वतात परदेशी पाइनची लागवड झाली, तेव्हा त्या झाडांची सोबतीण असलेली सुइलस ही चिकट टोपीची बोलेटही तिथे रुजली.

महाराष्ट्राच्या वेशीवरचे सर्वांत नवलाचे उदाहरण बस्तरचे. पहिल्या पावसानंतर तिथल्या सालवनांत मातीलगत उगवणारा गोटीएवढा 'बोडा' जगदलपूरच्या बाजारात चढ्या भावाने विकला जातो. झारखंडमध्ये त्यालाच 'रुगडा' म्हणतात. या गोल अळंबीला टोपी नाही, देठ नाही आणि छिद्रेही नाहीत. तरीही जनुकीय अभ्यासानुसार ती बोलेटांच्याच गणात मोडते. तिचेही अस्तित्व साल वृक्षाच्या मुळांवर अवलंबून आहे. साल तुटला की बोडाही संपला.

जाणकाराचा डोळा

ओळखीचा प्रश्न तज्ज्ञांनाही किती अवघड जातो, याचा प्रत्यय २०१४ मध्ये आला. लंडनजवळच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी बाजारातून वाळवलेल्या चिनी पोर्चिनीचे एक पाकीट विकत आणून त्यातील १५ तुकड्यांची जनुकीय तपासणी केली. त्यात तीन जाती आढळल्या आणि तिन्ही विज्ञानाला तोवर अज्ञात होत्या! चीनच्या युन्नान प्रांतात तर चिरताच निळी पडणारी एक बोलेट मोठ्या चवीने खाल्ली जाते. ती अर्धीकच्ची राहिली तर खाणाऱ्याला भोवती चिमुकली माणसे नाचताना दिसतात, म्हणून तिथे ती चांगली शिजवूनच वाढण्याचा दंडक आहे.

इटलीने हा प्रश्न केवळ लोकांच्या शहाणपणावर सोडलेला नाही. १९९३ च्या कायद्याने एका व्यक्तीने दिवसाला जास्तीत जास्त तीन किलो अळंबी गोळा करावी, असे बंधन घातले. दाताळ्याने जमीन ओरबाडण्यास आणि प्लास्टिकच्या पिशव्या वापरण्यास मनाई केली. टोपली हवेशीरच असली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरकारी आरोग्य यंत्रणेत अळंबी तपासनीस नेमले गेले. रानातून परतलेल्या माणसाने आपली टोपली त्यांच्यापुढे ठेवायची आणि त्यांनी खाण्याजोगे तेवढे वेगळे करून द्यायचे. फ्रान्समध्ये हेच काम परंपरेने औषधविक्रेते करत आले आहेत. अळंबीची ओळख हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो.

आपल्याकडे अशी सोय नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत रानटी अळंबी खाल्ल्याने १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेक चहामळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील होते. डेथ कॅपसारख्या अळंबीचे विष कपटी असते. सहा ते बारा तास, क्वचित त्याहूनही अधिक काळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, त्यानंतर रोग्याला चक्क बरे वाटू लागते आणि तेवढ्या अवधीत यकृत निकामी होत जाते. शिजवल्याने, वाळवल्याने किंवा उकळून पाणी टाकल्याने हे विष नष्ट होत नाही. अळंबी खाल्ल्यानंतर काही तासांनी त्रास सुरू झाला, तर उरलेला तुकडा सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठणे हाच एक मार्ग आहे.

पावसाळी सहलीला जाणाऱ्या शहरवासीयाने म्हणून अळंबीकडे पाहावेच. परंतु खाण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी. टोपीखाली कल्ले आहेत की छिद्रे, देठावर जाळी आहे का, चिरल्यावर रंग पालटतो का आणि जवळ कोणते झाड उभे आहे, एवढ्या चार गोष्टी टिपून ठेवल्या तरी रान नव्याने दिसू लागते. टोपली भरण्याचा अधिकार मात्र त्याचाच, ज्याने ती भरायला त्याच रानात, जाणत्याच्या हाताखाली, अनेक पावसाळे घालवले आहेत.