घरच्या यंत्राशीं दुरून सुरक्षित संबंध कसा ठेवावा

आमच्या शेतकरी बांधवांपैकीं पुष्कळांनीं विहिरीवर कॅमेरा बसविला आहे. कित्येकांनीं मोटरीचा स्टार्टर मोबाइलवरून चालूबंद होईल अशी तजवीज केली आहे. केबल चोरीस जाते आणि वीज अवेळीं येते, तेव्हां ही सोय चैन नव्हे, गरज आहे. परंतु ती ऐन वेळीं बंद पडते आणि दुरुस्तीच्या घाईंत आपण घराचें दार सताड उघडें टाकून बसतों. हा अनुभव आम्हांस स्वतः आला. तो वाचकांच्या उपयोगीं पडावा म्हणून येथें लिहीत आहों.

आमचें शेत अजिंठा गांवालगत आहे. चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. कॅमेरा व स्टार्टर हे घरांतील राउटरास जोडलेले. घरीं असतां सर्व कांहीं नीट दिसे, पण गांवाबाहेर पाऊल टाकलें कीं पडदा काळा. जोडणी करणाऱ्या कारागिरानें "राउटरचें पोर्ट उघडा" असा सल्ला दिला. तेंहि केलें, परंतु व्यर्थ.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून तेथलीच उपमा देतों. गट नंबर १२ गांवोगांव असतो. गांव व तालुका सांगितल्यावांचून ती जमीन सांपडावयाची नाहीं. १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होणारा घरांतील यंत्राचा पत्ता तसाच, केवळ घरापुरता. जगभर चालणारे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारें ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक विभागांत एप्रिल २०११ पासून त्यांचें वाटप अगदीं आंखडतें झालें. म्हणून कित्येक कंपन्या अनेक घरांस मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, आणि या व्यवस्थेसाठीं २०१२ सालीं १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची पट्टी राखून ठेवण्यांत आली. आपल्या राउटरचा बाहेरचा पत्ता या पट्टींतील निघाला, तर पोर्ट उघडून लाभ नाहीं. वाड्यांतील खोलीचें दार उघडलें, पण देवडी कंपनीच्या हातीं आणि ती बंद! आमचें नेमकें हेंच झालें होतें.

एका परी तें दार उघडलें नाहीं हें बरेंच झालें. २०१६ सालीं मिराई नांवाच्या घातकी प्रोग्रामानें कारखान्यांतून आलेले सुमारें ६० ठराविक पासवर्ड लावून पाहून लाखों कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यांत घेतले. अशाच यंत्रांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंतील डाइन कंपनीवर मारा झाला व मोठमोठीं संकेतस्थळें कित्येक तास बंद पडलीं. आपल्या बाबतींत तर गोष्ट याहून गंभीर आहे. परक्यानें स्टार्टर दाबला आणि विहीर कोरडी असली, तर मोटर जळेल. आणि त्या वेळीं कोणी विहिरींत उतरलेला असला, तर जिवावरच बेतेल.

तेव्हां उपाय असा कीं, बाहेरच्यास आंत घेण्याऐवजीं आंतल्या यंत्रानेंच बाहेर जाऊन ठरल्या ठिकाणीं भेटावें, आणि ओळख किल्लीनें पटावी. वायरगार्ड ही अशीच मोफत व्यवस्था असून मार्च २०२० पासून ती लिनक्समध्येंच अंतर्भूत आहे. चिरंजीवांनीं घरीं एक लहान संगणक ठेवला आणि भाड्याच्या एका सर्व्हरावर भेटीची जागा केली. तरीहि अडचणी आल्या. त्या कोणत्या क्रमानें तपासाव्या तें सांगतों.

प्रथम राउटर व यंत्र यांस वीज आहे कीं नाहीं तें पाहावें. मग घरच्या वायफायवर यंत्र उघडतें का पाहावें. तेथेंच न उघडलें तर दोष घरांतच आहे. नंतर वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर पाहावें. तिसरें, शेवटची ओळख-भेट केव्हां झाली ती वेळ वायरगार्डमध्यें दिसते, ती वाचावी. किल्ली चुकली तर ही व्यवस्था तक्रार करीत नाहीं, गप्प बसते. संबंध जुळून थोड्या वेळानें तुटत असेल, तर दर २५ सेकंदांनीं लहानसा निरोप पाठविण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे वाटेंतील दार मिटत नाहीं. चौथें, पुण्याच्या घरीं व अजिंठ्याच्या घरीं दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल, तर निरोप पुण्याच्याच घरांत घुटमळतो. गट नंबर १२ दोन गांवीं असल्यासारखें होतें. आम्हीं घरची मालिका १९२.१६८.५७ केली.

इतकें करूनहि वीज जाऊन आली कीं संबंध तुटे. अखेर दोष घड्याळांत निघाला. त्या लहान संगणकांत बॅटरीचें घड्याळ नव्हतें. तो जागा होई तो बंद पडण्यापूर्वींची वेळ धरून. वायरगार्डच्या प्रत्येक ओळखपत्रावर वेळेचा शिक्का असतो, आणि मागच्या पत्राहून जुना शिक्का आला तर पलीकडची बाजू तें पत्र मुकाट्यानें टाकून देते. आवक बारनिशींत मागील तारखेचा कागद आम्हीहि कधीं चढूं दिला नाहीं! खरी वेळ विचारण्याचा मार्गहि आम्हीं त्याच बंद वाटेनें नेला होता. म्हणजे किल्ली कुलपाआड राहिली. वेळ थेट घेण्याची तजवीज केली, आणि त्या दिवसापासून संबंध सुरळीत आहे.

पोर्ट उघडलें होतें तें आम्हीं आठवणीनें बंद केलें, कारखान्याचा पासवर्ड बदलला, आणि हरवलेल्या मोबाइलची किल्ली रद्द कशी करावी तें लिहून ठेवलें. परंतु एक नियम या सर्वांहून वरचा आहे. विहिरींत उतरण्यापूर्वीं मेन स्विच बंद करून फ्यूज काढावा व आपल्या खिशांत ठेवावा. दुरून चालणारी किल्ली कितीहि पक्की असो, खालीं उतरलेल्या माणसाचा जीव तिच्या हवालीं करूं नये.