सर्वांत श्रेष्ठ संघ कोणता? संख्याशास्त्राला विचारू या!

क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की शाळेच्या पटांगणावर एक वाद हमखास रंगतो. आजवरचा सर्वांत श्रेष्ठ संघ कोणता? आजोबा आपल्या तरुणपणीच्या संघाचे नाव घेतात, वडील आपल्या काळातल्या, तर मुले आजच्या. ज्याचा आवाज मोठा, तो जिंकतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात तर या वादाला वेगळीच गंमत आहे. क्रिकेटच्या कारभाराच्या दृष्टीने हा जिल्हा महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात मोडतो. परंतु श्रीरामपूरला जन्मलेले झहीर खान रणजी करंडक जिंकणाऱ्या बडोदा आणि मुंबई या संघांतून खेळले. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दला जन्मलेले अजिंक्य रहाणे यांनी २०२३-२४ साली मुंबईचे नेतृत्व करून करंडक जिंकला. मग आपण बाजू कोणाची घ्यायची? बाजू घेण्यापूर्वी हा प्रश्न संख्याशास्त्राच्या पद्धतीने तपासून पाहू.

नुसती बेरीज पुरेशी नाही

रणजी स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. २०२३-२४ पर्यंत मुंबईने ती ४२ वेळा जिंकली. महाराष्ट्राने ती दोनदा जिंकली, १९३९-४० व १९४०-४१ साली. दोन्ही वेळा कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. बेरजेने पाहिले तर वाद येथेच संपतो. पण ४२ या आकड्यात नव्वद वर्षांतले अनेक संघ एकत्र मिसळले आहेत. आपल्याला हवा आहे एका विशिष्ट काळातला एक संघ. म्हणून या काळाचे तीन तुकडे पाडू.

पहिला तुकडा १९३४-३५ ते १९५७-५८. हंगाम २४, मुंबईची विजेतेपदे ९, म्हणजे ३७.५ टक्के.

दुसरा तुकडा १९५८-५९ ते १९७२-७३. हंगाम १५, विजेतेपदे १५, म्हणजे १०० टक्के!

तिसरा तुकडा १९७३-७४ ते २०२३-२४. कोरोनाच्या साथीमुळे २०२०-२१ ची स्पर्धा झाली नाही, म्हणून हंगाम ५०. विजेतेपदे १८, म्हणजे ३६ टक्के.

पहिला आणि तिसरा आकडा किती जवळ आहेत पाहा. मुंबईचा नेहमीचा वेग साधारण आठ हंगामांत तीन विजेतेपदे असा दिसतो. मधली पंधरा वर्षे मात्र त्या वेगात बसत नाहीत. तेथे काहीतरी निराळे घडले होते.

हा योगायोग असेल का?

एखादा शंकेखोर मित्र म्हणेल, "नशीब जोरावर होते, दुसरे काय?" त्याला गणिताने उत्तर देता येते.

समजा, मुंबईची दरवर्षी जिंकण्याची संभाव्यता तिच्या नेहमीच्या वेगाइतकीच, म्हणजे ३/८ होती. ओळीने दोन वर्षे जिंकण्याची संभाव्यता ३/८ × ३/८. ओळीने पंधरा वर्षे जिंकण्यासाठी ३/८ ही संख्या पंधरा वेळा घेऊन गुणाकार करावा लागेल. उत्तर येते सुमारे साडेचोवीस लाखांत १.

येथे एक सावधगिरी हवी. ही पंधरा वर्षे आपण आधी ठरवून निवडलेली नाहीत. सर्व इतिहास पाहून झाल्यावर त्यातली सर्वांत चमकदार वर्षे उचलली आहेत. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढण्यासारखेच हे! म्हणून मित्राला सवलत देऊ. २०२३-२४ पर्यंतच्या ८९ स्पर्धांत ओळीने पंधरांची मालिका ७५ ठिकाणी सुरू होऊ शकते. संभाव्यता ७५ पट वाढवली तरी ती सुमारे ३३ हजारांत १ इतकीच राहते. नशिबाचे स्पष्टीकरण टिकत नाही.

आता प्रश्न उलटा विचारू. पंधरा विजयांच्या मालिकेची शक्यता निम्मी-निम्मी असायला संघ किती बलवान हवा? दरवर्षी जिंकण्याची संभाव्यता ८० टक्के धरली, तर मालिकेची संभाव्यता जेमतेम ३.५ टक्के येते. ९० टक्के धरली तर सुमारे २१ टक्के. निम्म्यापर्यंत पोहोचण्यासाठी ती सुमारे ९५.५ टक्के असावी लागते. असा संघ वीस हंगामांत सरासरीने एखादाच हंगाम गमावील.

बेसबॉल काय शिकवतो?

अमेरिकेतील बेसबॉलचे शौकीन असे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. तेथे २००१ साली सिॲटल मरिनर्स या संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकले. एवढा बलाढ्य संघ, तरी त्याने ४६ सामने गमावले आणि अंतिम मालिका गाठण्यापूर्वीच तो बाद झाला. बेसबॉलच्या एका सामन्यात नशिबाचा वाटा बराच असतो.

याचे मर्म एका कल्पित नाण्यावरून समजेल. समजा, ते नाणे १०० पैकी ६० वेळा छाप दाखवते. एकदा फेकले तर छापाची संभाव्यता ६० टक्के. नऊ वेळा फेकून बहुमत पाहिले तर छापाचा विजय होण्याची संभाव्यता सुमारे ७३ टक्के. ९९ वेळा फेकले तर ती सुमारे ९८ टक्के होते. कसोटी जितकी लांब, तितका बलवानाचा विजय अधिक निश्चित.

रणजीचा बाद फेरीचा सामना अनेक दिवस चालतो. तो अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो. म्हणजे पाऊस किंवा वेळेची टंचाई यांमुळे बलवान संघ सहसा अडत नाही. मुंबईच्या मालिकेत हा नियमही तिच्या मदतीला होता. आणि गंमत पाहा, १९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला बंगळूर येथे याच नियमाने, पहिल्या डावातील आघाडीवर, हरवले आणि मालिका तुटली.

नियमाआड दडलेला संघ

नियमांचा दुसरा परिणाम आपल्या महाराष्ट्र संघाला भोगावा लागला. १९६९-७० पर्यंत देशाच्या पाच विभागांतून प्रत्येकी एकच संघ बाद फेरीत जात असे. मुंबई आणि महाराष्ट्र दोघेही पश्चिम विभागात. मुंबई पहिली आली की महाराष्ट्राची वाट तेथेच बंद होई, मग तो संघ कितीही चांगला असो. त्या काळात राजस्थान अंतिम सामन्यात मुंबईकडून सात वेळा हरला. म्हणून उपविजेता म्हणून त्याचे नाव सात वेळा नोंदले गेले. महाराष्ट्राला तशी नोंद मिळण्याची सोयच नव्हती.

१९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ घेण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने अंतिम फेरी गाठली! समोर अर्थात मुंबई.

हाच अंतिम सामना मुंबईच्या बळाचा सर्वांत चांगला पुरावा ठरतो. अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर व अशोक मांकड हे मुंबईचे पाच खेळाडू तेव्हा भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने करंडक राखला. प्रयोगशाळेत आपण एखादा घटक काढून घेऊन परिणाम पाहतो. येथे तसा प्रयोग आपोआप घडला. पाच प्रमुख खेळाडू काढून घेतले तरी निकाल बदलला नाही. बळ मोजक्या नावांत नव्हते, पाठीमागच्या फळीतही होते.

निकाल आणि त्याची मर्यादा

रणजी स्पर्धेपुरता निकाल देता येतो. १९५८ ते १९७३ चा मुंबई संघ पहिल्या क्रमांकावर. मात्र या निकालाचा अर्थ नीट समजून घ्या. तो संघ आपल्या समकालीन प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत पुढे होता, एवढेच आकडे सांगतात. २०२३-२४ मध्ये ३८ संघांच्या स्पर्धेत जिंकलेल्या रहाणे यांच्या संघाशी त्याची गाठ पडली असती तर काय झाले असते, हे आकडे सांगत नाहीत. इंग्लंडच्या सरे संघाने १९५२ ते १९५८ अशी सलग सात वर्षे तेथील काउंटी स्पर्धा जिंकली. पण पंधरा हा आकडा सातापेक्षा मोठा म्हणून मुंबई सरेपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. स्पर्धा वेगळ्या, नियम वेगळे.

करून पाहा

तुमच्या तालुक्यातील शालेय कबड्डी किंवा खो-खो स्पर्धेचे मागील वीस वर्षांचे विजेते शोधा. शाळेच्या कार्यालयातील ढाली आणि जुनी वार्षिके उपयोगी पडतील. प्रत्येक शाळेच्या विजेतेपदांची टक्केवारी काढा, सर्वांत लांब मालिका शोधा आणि तिची संभाव्यता मोजा. त्या वर्षांत किती शाळा उतरल्या होत्या आणि नियम कोणते होते, तेही विसरू नका. एखादा चांगला संघ कधीच विजेता ठरला नाही असे दिसले, तर तो कोणाच्या गटात होता ते आधी पाहा!